ओढा एक, खाती अनेक: आंबील ओढ्याच्या निमित्ताने पैशाची आणि क्रमाची गोष्ट

महापालिकेच्या अंदाजपत्रकात एखादा ओढा शोधायला बसलं, की तो एका पानावर सापडत नाही. गाळ काढण्याचे पैसे एका ठिकाणी, मैलापाण्याच्या नळांचे दुसऱ्या ठिकाणी. काठावरचा कचरा घनकचरा विभागाचा, शेजारची बाग उद्यान विभागाची, वरचा पूल रस्ते आणि प्रकल्पवाल्यांचा, काठावरच्या झोपड्यांचा प्रश्न झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाचा. आणि ज्या जमिनीवरून पाणी वाहतं ती बहुतेक जागी महापालिकेचीही नसते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 प्रमाणे नदी-नाल्यांचं पात्र, कुणाची खासगी मालकी सिद्ध झाली नसेल तिथे, राज्य शासनाचं असतं.

शहरातल्या ओढ्याची सगळी कहाणी या विभागणीत आहे, असं माझं ठाम मत आहे. ज्या खात्यातून पैसा येतो, त्या खात्याला जे दिसतं तेच ओढ्याचं होतं. पूरनिवारणाचा निधी आला की ओढ्याला भिंती मिळतात. मलनिस्सारणाचा आला की पात्रात चेंबर उभे राहतात. सुशोभीकरणाचा आला की बाकडी आणि दिवे. प्रत्येक काम आपापल्या जागी बरोबर असतं, तरी सगळी मिळून ओढा तयार होत नाही. म्हणून ओढा पुन्हा जिवंत करण्याचं नियोजन म्हणजे काय आणि त्याला पैसा कुठून येऊ शकतो, हे एका खऱ्या ओढ्याला धरून पाहू या. पुण्याचा आंबील ओढा.

कात्रजच्या डोंगरातून निघून तो बालाजीनगर, पद्मावती, सहकारनगर असा उतरत दांडेकर पुलाखालून मुठेला मिळतो. जेमतेम दहाएक किलोमीटर. पण पुण्याच्या इतिहासात त्याने फार काम केलंय. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750 च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी भुयारी नळाने शहरातल्या हौदांपर्यंत आणलं गेलं. पेठांच्या वस्तीतून जाणारा ओढ्याचा मूळ प्रवाह वळवला तोही त्याच काळात. पर्वतीच्या पायथ्याशी त्याचंच पाणी अडवून तळं झालं. आजची सारसबाग त्या तळ्याच्या जागी आहे, म्हणून तिथल्या गणपतीला जुने पुणेकर अजून तळ्यातला गणपती म्हणतात. म्हणजे हा ओढा माणसाने वळवलेला, अडवलेला, वापरलेला आहेच. त्याला ‘निसर्गाच्या मूळ रूपात’ नेऊ, असं कुणी म्हणालं तर विचारावं, कुठल्या सालच्या?

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री हाच ओढा काठावरच्या सोसायट्यांत आणि वस्त्यांत शिरला. सीमाभिंती कोसळल्या, गाड्या वाहून गेल्या. त्या पावसात शहर आणि जिल्हा मिळून वीसहून अधिक माणसं गेली. तेव्हापासून आंबील ओढ्याबद्दल बोलताना पहिला शब्द ‘भिंत’ हाच येतो, आणि ते समजण्यासारखं आहे. पण भिंतीआधी एक साधा हिशोब करून बघायला हवा.

पाणी किती येतं?

ओढ्याचं पाणलोट क्षेत्र म्हणजे ज्या जमिनीवर पडलेला पाऊस शेवटी त्या ओढ्यात येतो ती सगळी जमीन. त्यातला फक्त एक चौरस किलोमीटर घ्या. त्यावर तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर 5 कोटी लिटर पाणी पडलं. गवत-झुडपं असलेल्या डोंगरउतारावर यातलं साधारण 30 टक्के पाणी वाहून येतं, बाकीचं मुरतं, थांबतं. तीच जमीन सिमेंटचे रस्ते, स्लॅब आणि पार्किंगने झाकली की 80 टक्क्यांच्या आसपास वाहतं. पुणेकराला टँकर चांगला कळतो म्हणून त्या भाषेत सांगतो. 10 हजार लिटरचे आधी 1,500 टँकर येत होते, आता 4,000 येतात, तेही त्याच एका तासात. पाऊस तेवढाच, पात्र मात्र तेवढंच राहिलेलं नाही, बहुतेक जागी आक्रसलेलं आहे.

आता पात्राच्या दोन्ही बाजूंना सरळ, गुळगुळीत भिंत बांधली तर काय होईल? पाणी तिथून वेगाने निघून जाईल, आणि पुढच्या अरुंद पुलाशी अडेल. कल्व्हर्टच्या, म्हणजे रस्त्याखालच्या लहान पुलाच्या, तोंडाशी फांद्या, गाद्या, थर्माकोल अडकलं की तो पूल काही काळ बंधाराच बनतो. वरच्या सोसायटीचा पूर खालच्या वस्तीत सरकतो. म्हणून अभियांत्रिकीचा एक जुना, साधा नियम आहे: पूल आणि कल्व्हर्ट मोठे करण्याची कामं खालून वर करत न्यायची, आणि पाणी अडवण्या-मुरवण्याची कामं वरून खाली. भिंत कुठे हवी हे त्यानंतर कळतं. काही जागी ती हवीच असते.

खालून सुरुवात करायची म्हणजे मुठेपासून. इथे आणखी एक गोष्ट सुटते. खडकवासल्यातून विसर्ग चालू असताना मुठेची पातळी वाढलेली असते आणि ओढ्याच्या तोंडाशी फुगवटा येतो. ओढ्याचं पाणी नदीत जायला जागाच नसते. ओढ्याच्या आराखड्यात नदीच्या पातळीचा हिशोब नसेल, तर ते गणित अर्धंच आहे.

वरच्या बाजूचं काम स्वस्त असतं आणि कमी दिसतं, म्हणून ते मागे पडतं. डोंगरउतारावरचे समतल चर, छोटे दगडी बांध, आणि कात्रजचे तलाव. तलावाची पातळी मोठ्या पावसाआधी एक मीटरने खाली ठेवली, तर दर हेक्टरमागे 1 कोटी लिटरची मोकळी जागा मिळते. त्यासाठी सांडव्याला एक नीट चालणारा दरवाजा, हवामान खात्याचा इशारा आणि दरवाजा कुणी, केव्हा उघडायचा याचा लेखी नियम लागतो. सप्टेंबरअखेर तलाव काठोकाठ भरलेले असतात आणि परतीचा पाऊस तेव्हाच येतो, एवढं लक्षात घेतलं तरी या नियमाचं मोल कळतं.

उन्हाळ्यात वाहतं ते काय?

मार्च-एप्रिलमध्ये आंबील ओढ्याच्या पुलावर उभं राहिलात, तर खाली वाहणारं काळं पाणी हे बव्हंशी मैलापाणी असतं. त्याचाही हिशोब सोपा आहे. माणशी रोज 135 लिटर पाणीपुरवठा धरतात आणि त्यातलं 80 टक्के सांडपाणी म्हणून बाहेर येतं असं मानतात. म्हणजे 1 लाख लोकवस्तीमागे रोज 1 कोटी 8 लाख लिटर. हे पाणी मलवाहिनीत न जाता कुठे पावसाळी गटारात, कुठे थेट पात्रात येतं. कधी जोड चुकीचा असतो, कधी वाहिनी फुटलेली असते, कधी वस्तीत वाहिनी टाकलेलीच नसते. यातलं नेमकं काय आहे हे शोधायला रंग टाकून, कॅमेरा सोडून, चेंबर-चेंबर तपासावं लागतं. एका भागाला काही महिने लागतात. या तपासणीसाठी वेगळी तरतूद ठेवलेली क्वचित दिसते, आणि माझ्या मते सगळ्या आराखड्यात सर्वांत जास्त परतावा देणारा खर्च हाच.

नेहमीचा मार्ग वेगळा असतो. ओढ्याच्या काठाने मोठी वाहिनी टाकायची, येणारं सगळं मैलापाणी त्यात अडवायचं आणि नदीकाठच्या मोठ्या शुद्धीकरण केंद्रात न्यायचं. नदीसाठी हे उत्तम. ओढ्यासाठी मात्र यातून एक पेच उभा राहतो: मैलापाणी पूर्ण थांबलं की उन्हाळ्यात ओढा कोरडा पडतो. पूर्वी बेसॉल्टच्या थरांमधून झिरपणारे झरे त्याला हिवाळ्यानंतरही थोडं पाणी देत असत. काँक्रीटचा तळ केला की तेही तुटतं.

दक्षिण कोरियातल्या सोल शहराने 2003 ते 2005 मध्ये रस्ता आणि उड्डाणपूल काढून चंगेचॉन हा 5.8 किलोमीटरचा ओढा उघडा केला. जगभरातले लोक तो बघायला जातात. पण त्यात वाहणारं पाणी बरंचसं हान नदीतून उपसून आणलेलं आहे, रोज सुमारे 1 लाख 20 हजार टन. श्रीमंत शहराला ते वीजबिल परवडतं. आपल्याला परवडणारा मार्ग म्हणजे ओढ्याच्या वरच्या अंगाला लहान शुद्धीकरण केंद्रं काढून शुद्ध झालेलं पाणी तिथेच पात्रात सोडणं. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेली ‘फायटोरिड’ ही वनस्पतींच्या वाफ्यांतून सांडपाणी शुद्ध करणारी पद्धत अशा ठिकाणी चालू शकते. तिला वीज कमी लागते, पण जागा जास्त.

जागा, आणि त्या जागेवरची माणसं

जागेचा विषय आला की कागद काढावे लागतात. गाव नकाशा, सिटी सर्व्हेचा नकाशा, विकास आराखडा आणि प्रत्यक्ष मोजणी या चारही ठिकाणी ओढ्याची रुंदी वेगवेगळी निघू शकते. कुठल्या कागदावरची हद्द मानायची हे ठरल्याशिवाय निविदा काढली, की काम अर्ध्यात न्यायालयात अडकतं.

मोठ्या नद्यांना पाटबंधारे खातं पूररेषा आखून देतं. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘25 वर्षांतून एकदा’ याचा अर्थ एकदा येऊन गेला की 25 वर्षं निश्चिंती, असा अनेकजण घेतात. तसं नाही. दर वर्षी 4 टक्के शक्यता, एवढाच त्याचा अर्थ. 20 वर्षांचं गृहकर्ज फिटेपर्यंत तो पूर निदान एकदा दारात येण्याची शक्यता 56 टक्के निघते. ओढ्यांना बहुतेक वेळा अशा रेषाच आखलेल्या नसतात. आराखड्याचं पहिलं काम त्या आखण्याचं असलं पाहिजे, आणि त्या सोसायटीच्या सूचनाफलकावर लागल्या पाहिजेत.

रेषेच्या आत राहणाऱ्यांत सगळ्यात आधी येतात वस्त्या. 24 जून 2021 ला दांडेकर पुलाजवळ आंबील ओढ्याच्या काठची घरं पाडायला यंत्रणा आली. ऐन पावसाळ्यात. लोक रस्त्यावर आले आणि त्याच दिवशी न्यायालयाची स्थगिती आली. मला यात फक्त नियोजनाचा दोष दिसत नाही, अंदाजपत्रकाचाही दिसतो. पुनर्वसनाचा खर्च प्रकल्पाच्या खर्चात धरलेलाच नसेल, तर माणसं ही ‘अडथळा’ म्हणूनच कागदावर येतात. घरं जवळपास, कामापासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि आधी. ती किंमत डीपीआरच्या, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवालाच्या, पहिल्या पानावर असली पाहिजे. वरच्या अंगाला ज्या सोसायट्यांनी सीमाभिंत पात्रात सरकवली, त्यांचं मोजमापही त्याच टेपने व्हायला हवं.

आता पैसा

पहिला खिसा महापालिकेचा स्वतःचा. त्यातली छोटी कामं प्रभागाच्या ‘स’ यादीतून, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या यादीतून, होतात: एखादी जाळी, वीस-तीस मीटर भिंत, पेव्हर. पुण्याच्या अंदाजपत्रकात ही यादी वर्षानुवर्षं चालत आली आहे. तिची अडचण अशी की ओढा अनेक प्रभागांतून जातो आणि यादी एका प्रभागाची असते. दुसरी अडचण ‘वर्गीकरण’. ओढ्यासाठी ठेवलेली रक्कम वर्षअखेर खर्च झाली नाही, की ती दुसऱ्या कामाकडे वळते. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं, पात्रात काम करायचा कोरडा काळ मात्र मेअखेरपर्यंत असतो. निविदा डिसेंबरात निघाली तर काम निम्मं या वर्षी, निम्मं पुढच्या वर्षी. म्हणून ओढ्याच्या कामाला बहुवर्षीय मंजुरी घ्यावी लागते, एकाच कामाला तीन-चार वर्षांची तरतूद आधीच बांधून.

दुसरा खिसा आपत्तीचा. 15 व्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी सात शहरांच्या पूरधोका कमी करण्याला 2,500 कोटी सुचवले. मुंबई, चेन्नई, कोलकात्याला 500 कोटी प्रत्येकी. पुणे, बंगळूर, हैदराबाद, अहमदाबादला 250 कोटी प्रत्येकी. हा निधी आपत्ती आल्यावर वाटायचा नाही, ती येण्याआधी धोका कमी करण्यासाठी आहे. म्हणजे कात्रजच्या सांडव्याचा दरवाजा, वरचे बांध, पाऊसमापक, इशारा यंत्रणा या सगळ्यांचं हे नेमकं घर. भिंतीचंही आहे. कशाला किती मागायचं हे मागणाऱ्याच्या आराखड्यावर ठरतं.

मैलापाण्यासाठी केंद्राची ‘अमृत 2.0’ ही शहरांसाठीची योजना आहे, ऑक्टोबर 2021 पासून. त्यात 10 लाखांवरच्या शहराला केंद्राचा वाटा 25 टक्के, 1 ते 10 लाखांच्या शहराला एक तृतीयांश, त्याहून लहान गावाला निम्मा. म्हणजे पुण्याला चार आण्यांची मदत. उरलेले बारा आणे राज्य आणि महापालिकेला उभे करायचे असतात, आणि आपला हिस्सा वेळेवर ठेवला नाही तर पुढचा हप्ता अडतो.

परदेशी कर्जाचं उदाहरण पुण्यातच आहे. मुळा-मुठेच्या प्रदूषणमुक्तीची 990 कोटींची योजना केंद्राने जानेवारी 2016 मध्ये मंजूर केली. 11 शुद्धीकरण केंद्रं, रोज 39.6 कोटी लिटर क्षमता. पैसा जपानच्या जायका संस्थेचा, व्याज 0.30 टक्के, फेड 40 वर्षांत, त्यातली पहिली 10 सवलतीची. केंद्राचा भार 85 टक्के, महापालिकेचा 15. इतकं स्वस्त कर्ज मिळूनही भूमिपूजन मार्च 2022 मध्ये झालं. स्वस्त पैशाची किंमत वेळेत मोजावी लागते, आणि तेवढ्या वर्षांत काठ बदलतो, बांधकामाचे दरही.

कर्जरोख्यांचा मार्गही पुण्याने वापरलाय. 2017 मध्ये पाणीपुरवठ्यासाठी 200 कोटींचे रोखे निघाले, व्याज 7.59 टक्के. पण रोख्याचं व्याज कशातून तरी द्यावं लागतं. पाण्याला पाणीपट्टी आहे, मलवाहिनीला मलनिस्सारण कराचा आधार आहे. स्वच्छ वाहणाऱ्या ओढ्याला पट्टी लावता येत नाही. इथे काही शहरं काठाची जमीन विकासाला देऊन खर्च काढायचा विचार करतात. मला तो धोक्याचा वाटतो, कारण ज्या मोकळ्या काठावर पूर पसरायला हवा तीच जागा विकून पुराचा बंदोबस्त करायचा, हे गणित मोठ्या पावसात फसतं. त्यापेक्षा काठची खासगी जागा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे जास्तीचं बांधकाम करण्याचा हक्क, देऊन घेणं बरं. जागा महापालिकेकडे येते, रोख पैसा लागत नाही. मात्र तो टीडीआर त्याच पाणलोटात आणखी बांधकाम म्हणून उतरला, तर वरचं 30 आणि 80 टक्क्यांचं गणित पुन्हा बिघडतं. त्यालाही नकाशावर बंधन हवं.

कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी, म्हणजे सरासरी नफ्याचे 2 टक्के, ओढ्याच्या कामाला कायद्याने चालतो. तो मलवाहिनीला पुरणार नाही. रोपं, मोजमाप, शाळांचं काम, वरचे बांध यांना चांगला. तीन-चार वर्षांनी तो निघून जातो, हे धरूनच घ्यावा.

हे खिसे एकत्र कसे यायचे? त्यासाठी सगळ्या कामांचं एकच कोष्टक आणि त्यासाठी जबाबदार असलेला एक अधिकारी लागतो, ज्याच्या सहीशिवाय कुठलंही खातं पात्रात खोदणार नाही. मुंबईने 26 जुलै 2005 च्या 944 मिलिमीटर पावसानंतर मिठी नदीसाठी वेगळं प्राधिकरण केलं. तरी प्रत्यक्ष काम महापालिका आणि एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) यांच्यात लांबीने वाटलं गेलं, आणि नदीचं मैलापाणी आजही प्रश्नच आहे. मुंबईचाच दुसरा धडा अधिक कडू आहे. 1985 च्या पुरानंतर पावसाळी गटारांचा ‘ब्रिमस्टोवॅड’ आराखडा 1993 मध्ये तयार होता. तासाला 25 मिलिमीटरची गटारं 50 ची करायची होती. केंद्राचे 1,200 कोटी मंजूर झाले ते 2005 च्या प्रलयानंतर. आराखडा होता, पैसा नव्हता, आणि मधे बारा वर्षं गेली.

दर वर्षीचा खर्च

उभारणीला निधी मिळतो, देखभालीला क्वचित. दर मेमध्ये नालेसफाई होते, गाळाचं बिल वजनावर निघतं, आणि पाण्याखालून किती गाळ निघाला हे नंतर कुणाला मोजता येत नाही. मिठीच्या गाळउपशात बनावट नोंदींनी फसवणूक झाल्याच्या आरोपावरून 2025 मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा दाखल केला. आरोप सिद्ध होणं न होणं न्यायालयाचं काम, पण मोजमापाची पद्धतच तशी आहे की शंका राहते. डोंगराच्या पायथ्याशी गाळ अडवणारे खड्डे बांधले, तर बराच गाळ एका जागी साचतो, आधी-नंतरची खोली काठीने मोजता येते आणि ट्रकची खेप कमी होते. चौदा जागी उपसण्याऐवजी दोन जागी.

प्रत्येक कामाच्या निविदेत पुढच्या दहा वर्षांची देखभाल धरली, तर सुरुवातीचा आकडा मोठा दिसतो आणि सभागृहात प्रश्न येतात. यायला हवेत. जी बाग, जो पंप, जे केंद्र दहा वर्षं चालवायला आपल्याकडे पैसा नाही, ते आजच लहान करावं.

एक काम मात्र कुठल्याही डीपीआरची वाट न बघता होण्यासारखं आहे. पुणे महापालिका 2006 पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं सुचवून घेते. त्यात प्रत्येक पुलाच्या खांबावर पाण्याच्या पातळीची मीटरची पट्टी मागा. खर्च रंगाचा आणि मजुरीचा. कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंत चार-पाच पुलांवर अशा पट्ट्या आल्या आणि जून ते ऑक्टोबर शेजारच्या सोसायटीतल्या व वस्तीतल्या दोन-दोन माणसांनी मोठ्या पावसात दर अर्ध्या तासाला तारीख, वेळ आणि आकडा वहीत उतरवला, तर दोन पावसाळ्यांत वरचं पाणी खाली यायला किती मिनिटं लागतात हे कळेल. सल्लागाराच्या संगणकातलं पाणी त्या वहीशी ताडून बघता येईल, आणि दांडेकर पुलाजवळच्या घरांना सामान वर उचलायला किती वेळ मिळतो, तेही.